एम-थ्रीचा तास आणि "मॅडम, आ बधुं क्यां काम लागशे?"

खडूफळा
बडोद्यातल्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात मी गणित शिकवते. हे सातवं वर्ष. तिसऱ्या सेमिस्टरच्या वर्गात, म्हणजे एम-थ्री या गणिताच्या तिसऱ्या पेपरला, साठ मुलं आहेत. त्यातली वीस-बावीस डी-टू-डी, म्हणजे डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली. पहिल्या वर्षाचं गणित त्यांनी पाहिलेलं नाही, आणि तिसऱ्या सेमिस्टरला माझ्यासमोर लाप्लास, म्हणजे डिफरन्शियल समीकरण साध्या बीजगणितात बदलून सोडवायची रीत, घेऊन बसतात.

परवा मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं, "मॅडम, आ बधुं क्यां काम लागशे?" (हे सगळं कुठे कामाला येणार?) सूर उद्धट नव्हता, पोरगा खरंच विचारत होता. मी नेहमीचं उत्तर दिलं: सर्किटमध्ये, कंट्रोल सिस्टिममध्ये. तो म्हणाला, एक दाखवा ना. मी फळ्यावर रेझिस्टर-कपॅसिटर काढला, समीकरण लिहिलं, लाप्लास लावून सोडवलं. फळा भरला. तो शांतपणे म्हणाला, "पण समीकरण तो तमे ज लख्युं." म्हणजे, समीकरण तर तुम्हीच लिहिलंत.

तेव्हापासून झोप नाही असं म्हणणार नाही, पण वाक्य डोक्यातून जात नाहीये. मी एमएस्सी गणित. ट्रान्सफॉर्मर रस्त्याच्या कडेला कुंपणात असतो तेवढाच पाहिलाय. पुस्तकातली 'अनुप्रयोग' ही प्रकरणं मीही पाठच केली आहेत. इथे बरेच इंजिनिअर आहेत, म्हणून विचारते: तुम्ही स्वतःच्या हाताने केलेल्या कामात गणित कुठे लागलं? आकड्यांसकट सांगा. इंटरनेटवरची उदाहरणं नकोत, ती माझ्याकडे आहेत.

सेवउसळ_डबल_तरी
पयला!
एम-थ्री तीन वेळा दिला. त्यातून शिकलो ते एवढंच की फॉर्म भरायची शेवटची तारीख लक्षात ठेवावी. सध्या विक्री विभागात सुखी आहे.

वाचनमात्र_पण_आज_नाही
तीस वर्षं प्रॉडक्शनमध्ये काढली. बेरीज, वजाबाकी, टक्केवारी आणि एक्सेल. बास. लाप्लासची गरज कधीही पडली नाही. मुलाला खोटं सांगू नका, "परीक्षेत काम लागेल" असं सांगा.

मकरपुरा_फीडर
वाचनमात्र, गरज पडली नाही की पडलेली कळली नाही?

ताई, माझा किस्सा घ्या. मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्सची कामं घेतो. अलकापुरीकडे एका ऑफिस बिल्डिंगमध्ये पॅनलमधून जळका वास येत होता. उघडून पाहिलं तर तिन्ही फेजचे लग (केबलच्या टोकाला बसवलेले धातूचे जोड) ठणठणीत आणि न्यूट्रलचा लग काळा. टेप वितळून खाली ओघळलेली. त्यांच्या इलेक्ट्रिशियनचं म्हणणं, "लोड तर बॅलन्स आहे, न्यूट्रलला करंट येईलच कसा?" कॉलेजात आपल्याला हेच शिकवलेलं असतं, तीन फेज सारखे की न्यूट्रल शून्य.

ट्रू आरएमएस टाँग टेस्टर, म्हणजे वायरभोवती चिमट्यासारखा धरून खरा करंट मोजणारा मीटर, लावला. फेजला ४३ अँपिअर आणि न्यूट्रलला ४८!

सगळा लोड कॉम्प्युटर आणि एलईडीचा. असली उपकरणं साइन वेव्ह नीट ओढत नाहीत, शिखरापाशी लचका तोडतात. असा लचका म्हणजे मूळ ५० हर्ट्झ अधिक तिसरा हार्मोनिक (तिप्पट वेगाची लाट) अधिक पाचवा वगैरे. हीच फूरिये मालिका. मूळ लाटा एकमेकींपासून १२० अंशांवर असतात, त्यामुळे बेरीज शून्य होते. तिसऱ्या हार्मोनिकचा कोन मात्र तिप्पट होतो, ३ गुणिले १२० म्हणजे ३६०, आणि ३६० म्हणजे शून्यच. तिघी एका पावलावर चालतात. फेजमध्ये मूळ ४० आणि तिसरा १६ धरा. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की ४३ येतात. न्यूट्रलमध्ये ४०-४०-४० मिटले आणि १६ तिनदा आले, ४८. माझ्या मीटरने हेच दाखवलं होतं.

त्यात केबल होती साडेतीन कोअरची. म्हणजे न्यूट्रल अर्ध्या जाडीचा! ही केबल निवडताना "न्यूट्रलला काय असतं" हाच हिशेब असतो. कोणी फूरिये मालिका न्यूट्रलमधून वाहताना पाहिली नसेल, मी तिचा वास घेतलाय.

सेवउसळ_डबल_तरी
"लचका तोडतात" ला दाद. या साहेबांनी शिकवलं असतं तर मी दोनदाच नापास झालो असतो.

गेट_२०_काहीतरी
काका, साधा टाँग टेस्टर असता तर?

मकरपुरा_फीडर
चांगला प्रश्न. साधा स्वस्त मीटर आरएमएस मोजत नाही. तो सरासरी मोजतो आणि लाट साइनच आहे असं गृहीत धरून १.११ ने गुणून दाखवतो. साइनसाठी बरोबर. स्क्वेअर वेव्ह दिलीत तर तोच मीटर ११ टक्के जास्त दाखवेल. आणि असल्या टोकदार लचक्यांना बरंच कमी दाखवतो, म्हणजे जिथे धोका जास्त तिथे आकडा कमी. हा १.११ कुठून आला ते काढ. पाय भागिले दोन रूट दोन. दोन इंटिग्रल करायला लागतात, दोन्ही बारावीची.

निवृत्त_पण_जागृत
मी चौतीस वर्षं अभियांत्रिकीचं गणित शिकवून निवृत्त झालो आहे. थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा.

"हे कुठे लागतं" या प्रश्नाला प्रत्येक वेळी उत्तर देत बसणं ही शिक्षकाची हार आहे असं मला वाटायला लागलं आहे. फूरियेने ती मालिका १८०७ साली उष्णतेसाठी मांडली. लोखंडी कांबीतून उष्णता कशी पसरते, एवढाच त्याचा प्रश्न होता. लाग्रांजसारख्या गणितीला ती मान्य झाली नाही, पुस्तक यायला १८२२ उजाडलं. न्यूट्रलची वायर त्याच्या स्वप्नातही नव्हती. त्याच्या विद्यार्थ्यांना फक्त 'कांबीसाठी फूरिये' शिकवलं असतं तर आज मकरपुऱ्यातल्या साहेबांच्या हाती काय आलं असतं? उपयोग बदलत राहतात. मी शिकवायला लागलो तेव्हा स्लाइड रूल 'उपयोगी' होता, आम्ही त्याचे तास घ्यायचो.

दुसरं, साठ मुलं, आठवड्याला तीन-चार तास, पाच युनिटं आणि पेपर बाहेरून. त्यात उदाहरणाची गोष्ट सांगायला वीस मिनिटं गेली की त्या दिवशीची गणितं राहिली. गणितं राहिली की निकाल पडतो आणि निकाल पडला की खुलासा मागतात तो गणिताच्या माणसाकडे.

खडूफळा
सर, दुसऱ्या मुद्द्याला मनापासून अनुमोदन. तो खुलासा मी दोनदा लिहिलाय.
पण पहिल्याबद्दल... तो मुलगा उपयोग विचारत होता असं मला आता वाटत नाही. समीकरण कोण लिहितं हे तो विचारत होता.

नंदेसरी_नाईट_शिफ्ट
हे वाचून बसल्या जागी हललो. आमच्याकडचा डिझेल चोरीचा किस्सा ऐका.

जनरेटरची टाकी, आडवी, गोल, दहा हजार लिटरची, व्यास दोन मीटर. मोजायला डिप रॉड. दोन मीटरला दहा हजार, म्हणून एका सेंटिमीटरला ५० लिटर, असा हिशेब एका सुपरवायझरने वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलेला. वर्षानुवर्षं तोच. अर्धी टाकी असताना हिशेब बरोबर यायचा, त्यामुळे कोणाला शंका नाही.

एकदा रॉड ५० सेंमी.वर असताना वीज गेली ती लांबली. वहीप्रमाणे अडीच हजार लिटर. जनरेटर साडेएकोणीसशेच्या आसपास खाऊन बंद पडला. टाकी कोरडी. साडेपाचशे लिटर गेले कुठे? नाइटचा ऑपरेटर मी. तीन दिवस माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते ते अजून विसरलो नाही.

शेवटी मीच बसून वर्तुळाच्या तुकड्याचं क्षेत्रफळ काढलं. पाव उंचीला पाव टाकी नसतेच, १९.५५ टक्के असते. दहा हजाराला १९५५ लिटर. कागद मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. माफी कोणी मागितली नाही, पण नवीन तक्ता माझ्याकडूनच करून घेतला.

गणित कुठे लागतं? नोकरी टिकवायला.

वाचनमात्र_पण_आज_नाही
बरं, हे पटलं. पण हे दहावी-बारावीचं गणित झालं. लाप्लास कुठाय?

थर्मोवेल
लाप्लास इथे आहे. इन्स्ट्रुमेंटेशनवाला बोलतोय.

उघडं थर्मोकपल (तापमान मोजायची तार) गरम तेलात बुडवा, काही सेकंदांत तापमान दाखवतं. प्लांटमध्ये ते उघडं नसतं, थर्मोवेलमध्ये, म्हणजे जाड धातूच्या नळीत, असतं. मग तोच बदल दिसायला तेवढीच मिनिटंही लागू शकतात. नवा ऑपरेटर स्टीमचा व्हॉल्व्ह उघडतो, काटा हलत नाही, अजून उघडतो, काटा हलत नाही, अजून. मग काटा जो सुटतो तो थांबत नाही.

मुलांना हे समीकरण स्वतः लिहिता येतं, अट एकच: तुम्ही लिहू नका. फक्त विचारा, काटा कधी भरभर चढेल? मुलं म्हणतील, फरक जास्त असेल तेव्हा. झालं. चढण्याचा वेग फरकाच्या प्रमाणात. तेच तुमचं पहिल्या ऑर्डरचं समीकरण, आणि कपॅसिटरचंही हेच. आम्ही साइटवर सोडवत बसत नाही. एकदम बदल द्यायचा आणि घड्याळ लावायचं. एकूण बदलाच्या ६३ टक्क्यांवर काटा पोचला की तो टाइम कॉन्स्टंट. पाचपट वेळ थांबलात की ९९ च्या पुढे. हे ६३ म्हणजे एक वजा एक भागिले ई.

लाप्लासची खरी मजा साखळीत आहे. व्हॉल्व्ह, हीटर, थर्मोवेल, कंट्रोलर असे चार डबे एकापुढे एक आले की चार डिफरन्शियल समीकरणांचं कडबोळं होतं. लाप्लासमध्ये नुसता गुणाकार. एवढ्यासाठीच ते आहे.

गेट_२०_काहीतरी
हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही!! एम-थ्रीत लाप्लास झाला तेव्हा कंट्रोल नव्हतं, कंट्रोल आलं तेव्हा सर म्हणाले "लाप्लास तुम्हाला येतोच". गेटला (एमटेकच्या प्रवेश परीक्षेला) गणिताचे १०० पैकी १३ मार्क आहेत म्हणून परत काढलंय पुस्तक.

तात्या_टूलरूम
मी इंजिनिअर नाही. आयटीआय, मग टूलरूममध्ये एकोणचाळीस वर्षं. लिहू का नको करत होतो.

तुम्हा लोकांची साइन कागदावर असते. माझी साइन हातात धरता येते, तिला साइन बार म्हणतात. दोन रोलरांवर बसवलेली पोलादी पट्टी, रोलरांच्या मध्यांमधलं अंतर बरोबर २०० मिलिमीटर. एका रोलरखाली स्लिप गेज, म्हणजे नेमक्या जाडीचे पोलादी ठोकळे, रचायचे. १०० मिमी. रचले की पट्टी ३० अंशांवर. २० अंश पाहिजेत तर ६८.४०४. तक्ता पाठ असायचा.

पीसीडी १०० वर, म्हणजे १०० मिमी. व्यासाच्या वर्तुळावर, सहा होल मारायचे तर मध्यापासूनची अंतरं २५ आणि ४३.३०. आठ होल असतील तर ३५.३५. डीआरओ (मशीनवर अंतर दाखवणारे डिजिटल आकडे) नव्हते तेव्हा हे आकडे मशीनच्या दारावर खडूने लिहिलेले असायचे. नवीन पोरगा आला की मी आधी कंपासने कागदावर काढायला लावायचो, मग जॉब.

एक गोष्ट मात्र आयुष्यभर नुसतीच पाळली. साइन बार ४५ अंशांच्या वर वापरायचा नाही. वस्तादाने सांगितलं म्हणून. का, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

खडूफळा
तात्या!! थांबा. याचं उत्तर मला येतं. या अख्ख्या धाग्यात पहिल्यांदाच मला काहीतरी येतंय.

उंची म्हणजे २०० गुणिले साइन थीटा. उंचीत बारीक चूक झाली तर कोनात किती होईल? डिफरन्शिएट केलं की कोनातली चूक म्हणजे उंचीतली चूक भागिले (२०० कॉस थीटा). कॉस खाली आहे! कोन वाढतो तसा कॉस लहान होतो आणि चूक फुगते. तुमच्या स्लिपमध्ये ०.०१ मिमी.ची गडबड झाली तर ३० अंशांना कोन सुमारे १२ सेकंदांनी (एका अंशाचे ३६०० सेकंद) चुकेल, ४५ ला १५ सेकंदांच्या आसपास, आणि ८० अंशांना जवळजवळ १ मिनिट. ४५ नंतर कॉस वेगाने पडायला लागतो. तुमचे वस्ताद डेरिव्हेटिव्ह सांगत होते.

तात्या_टूलरूम
एकोणचाळीस वर्षं लागली बेन. वस्ताद असते तर आत्ता फोन केला असता.

सेवउसळ_डबल_तरी
डोळ्यांत पाणी आलं. तरी तिखट होती म्हणून नव्हे.

दांडियाबाजार_गल्ली
थोडं अवांतर. माझी मुलगी बारावीपर्यंत गुजराती माध्यमात. विकलन, संकलन, श्रेणिक, निश्चायक हे तिला झोपेत येतं. इंजिनिअरिंगच्या पहिल्याच तासाला "डिटरमिनंट" ऐकून घाबरली. आठवड्याभराने घरी येऊन म्हणाली, "आई, ते निश्चायकच आहे!" डी-टू-डी मुलांचं निम्मं रडगाणं हेच असणार.

याच गावात १८९० साली कलाभवन निघालं. पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर, आणि त्यांचा आग्रह काय, तर धंदेशिक्षण मुलांच्या भाषेत द्या. तेच कलाभवन १९४९ नंतर विद्यापीठाची इंजिनिअरिंग फॅकल्टी झालं, अजूनही रिक्षावाल्याला कलाभवनच सांगावं लागतं. भाषा तेवढी वाटेत उतरली.

निवृत्त_पण_जागृत
मी वर्गात तिन्ही भाषा वापरायचो. प्रमेय इंग्रजीत, समजावणं गुजरातीत, वैतागणं मराठीत.

लष्करकर
आम्ही ग्वाल्हेरवाले काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण किल्ल्यावरच्या चतुर्भुज मंदिरात इसवी सन ८७६ चा शून्य कोरलेला आहे. २७० हात लांब बागेच्या जमिनीच्या नोंदीत. उपयोजित गणितच ते. इति लेखनसीमा.

सेवउसळ_डबल_तरी
लष्करकर, शून्य माझ्याही उत्तरपत्रिकेवर कोरलेला आहे.

विश्वामित्रीची_मगर
सिव्हिलवाली. इतका वेळ पाण्याखाली होते.

खडूफळा, बडोद्यातल्या मुलांना आरसी सर्किट कशाला? त्यांना आजवा तलाव द्या. पावसाळ्यात इथे लहान पोरही दोन आकडे विचारतं: आजव्याची पातळी किती, विश्वामित्री नदीची किती. ऑगस्ट २०२४ चा पूर तुमच्या वर्गातल्या प्रत्येकाने पाहिलाय, काहींच्या गाड्या त्यात गेल्यात.

त्यांना विचारा: पावसाचा जोर ओसरला तरी तलाव चढत का राहतो? लोक तेव्हा म्हणतात "काहीतरी लपवताहेत". उत्तर साधं आहे. साठा बदलण्याचा वेग म्हणजे येणारं पाणी वजा जाणारं पाणी. येणारं कमी होत असलं तरी जाणाऱ्यापेक्षा जास्त आहे तोवर पातळी चढणारच. दोन्ही समान होतात त्या क्षणी सर्वोच्च पातळी. जास्तीत जास्त पाऊस पडतो त्या क्षणी ती नसते. कमाल बिंदूला डेरिव्हेटिव्ह शून्य, बारावीचं वाक्य. आणि जाणारं पाणी पातळीवर अवलंबून आहे, म्हणून समीकरण स्वतःचीच शेपटी धरतं. तिथून डिफरन्शियल समीकरण सुरू.

आणि एक फूट म्हणजे एक फूट नव्हे. तलाव वर पसरट असतो, वरच्या एका फुटात तळच्या एका फुटापेक्षा कितीतरी जास्त पाणी मावतं. डिझेलच्या टाकीचाच भाऊ.

वाचनमात्र_पण_आज_नाही
माझी गाडी गेली होती त्या पुरात. पाऊस थांबला म्हणून बेसमेंटमधून वर काढली नाही. हे समीकरण आधी कोणी सांगितलं असतं तर!

(माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. अर्धा.)

खडूफळा
अकरा दिवसांनी परत आले. आजवा वर्गात नेला. खरं खरं सांगते.

फळ्यावर काहीच लिहिलं नाही. "पाऊस कमी झाला, पातळी का चढतेय, गणितात मांडा" एवढंच. पहिली दहा मिनिटं शांतता, मग गोंधळ, मग पुराच्या गप्पा. एकाने मगर किती फुटांची होती ते सांगितलं. चाळीस मिनिटांत साठांपैकी फार तर आठ जणांनी काही लिहिलं. त्यातलं निम्मं चूक. हुशार म्हणवणाऱ्या पुढच्या बाकांनी "कोणता फॉर्म्युला वापरायचा" विचारून पेन खाली ठेवलं.

मागच्या बाकावरच्याने गुजरातीत लिहिलं: वाढलेलं पाणी = आलेलं − गेलेलं, दर तासाला. डी बाय डीटी नाही, काही नाही. पण समीकरण त्यानेच लिहिलं. मी त्याला तास लहान लहान करत जायला सांगितलं, पुढचं वर्गाने केलं.

मग तो म्हणाला, "मॅडम, गयेलुं तो दरवाजामांथी खबर पडे. आवेलुं केवी रीते मापे?" (गेलेलं दरवाज्यांवरून कळतं, आलेलं कसं मोजतात?) आलं का उत्तर मला? नाही आलं.

निवृत्त सर, तुमचं म्हणणंही खरं ठरलं. मी दोन तास मागे आहे, आणि विभागप्रमुखांनी विचारून झालंय.

विश्वामित्रीची_मगर
त्याला सांगा, बऱ्याचदा ते मोजतच नाहीत. चहूबाजूंनी ओढे येतात, किती ठिकाणी मोजणार? पातळी मोजतात, सोडलेलं पाणी माहीत असतं, त्यावरून उलटं गणित करून आलेलं काढतात. त्याचंच समीकरण, फक्त वेगळ्या बाजूने वाचलेलं. पोरगा सिव्हिलला आहे का?

खडूफळा
मेकॅनिकल.

निवृत्त_पण_जागृत
दोन तास भरून काढायचे तर इन्व्हर्स लाप्लासची निम्मी गणितं घरी द्या, पार्शल फ्रॅक्शनचा तक्ता मी पाठवतो. माझा विरोध कायम आहे. तक्ता तरीही पाठवतो.

तात्या_टूलरूम
मेकॅनिकलला असेल तर शनिवारी मी साइन बार घेऊन येतो. पेटी माझी स्वतःची आहे, स्लिप गेजसकट. सरफेस प्लेट (मापं घ्यायचा अगदी सपाट जड पाट) मात्र आणता येणार नाही, उचलायला चार माणसं लागतात. तुमच्या लॅबमध्ये आहे का बघा.

खडूफळा
आहे तात्या. आज जाऊन पाहिली. तिच्यावर जुन्या जर्नलांचा गठ्ठा आहे आणि खोलीला कुलूप. किल्ली मागितली आहे.

तात्या_टूलरूम
गठ्ठा काढलात की रॉकेलच्या फडक्याने पुसून ठेवा, पाण्याने नको. आणि त्या पोराला सांगा, ८० अंशांचा मी आधी लावून दाखवणार. चुकलेला बघितल्याशिवाय पटत नाही.